भाऊंची सोसायटी

लग्न होऊन मी भोसरीला आले तेव्हा माझा नवरा एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे बांधलेल्या खोल्यांपैकी एकीत राहत होता. तिथून आम्ही गावठाणात गेलो, गावठाणातून हमरस्त्याच्या कडेला, तिथून पुन्हा भोसरीतच, पण दुसऱ्या टोकाला. खोली सोडायला सांगताना प्रत्येक मालक वेगळं कारण देई. भाच्याचं लग्न ठरलंय, पत्रे बदलायचेत, कांदा साठवायला जागा हवीय. खरं कारण बहुधा आमच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीत असे. खोली दाखवताना लोक आधी आडनाव विचारत. त्यावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारत, आणि तरीही नाही झाला तर गावात तुमचं घर कुठल्या अंगाला, असं विचारत. माझा नवरा पहिल्याच प्रश्नाला सरळ सांगून टाकी. जे तोंडावर नाही म्हणत ते परवडले. हो म्हणून मग काही महिन्यांनी कांद्याचं निमित्त काढणाऱ्यांमुळे माझा जीव कधी थाऱ्यावर राहिला नाही. माहेरून आणलेली मोठी ट्रंक मी कुठल्याच खोलीत पूर्ण रिकामी केली नाही. पुन्हा भरावी लागणारच होती.

नवरा पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत मशीनवर होता आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. घरात दोन पगार येत होते, तरी डोक्यावरच्या छपराची खात्री नव्हती. कंपनीची क्वार्टर्स होती, पण थोडी, आणि ती सेवाज्येष्ठतेने मिळत.

अशात एका रविवारी भाऊ आमच्या खोलीवर आले. ते माझ्या नवऱ्याच्याच विभागात चार्जहँड, म्हणजे मशीनवाल्यांवरचे मुकादम होते, वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे, साताऱ्याकडचे. कंपनीत सगळे त्यांना भाऊच म्हणत, साहेबसुद्धा. कुणाच्या मुलाला दवाखान्यात न्यायचं असो की कुणाचं निलंबन मागे घ्यायला लावायचं असो, भाऊ पुढे असत. त्यांनी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढायची ठरवली होती. चिंचवडच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाची जमीन मिळत होती. सभासदांनी आपला हिस्सा भरायचा, बाकीचं कर्ज मुंबईची शिखर संस्था देणार, आणि तेही जसजसं बांधकाम वर चढेल तसतसं, हप्त्याहप्त्याने.

भाऊंनी आमचा चहा घेतला, बशीत ओतून, घाई न करता. मग म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव घालतोय. पहिल्या यादीत."

मी विचारलं की बाकीच्या सभासदांना चालेल ना. त्यांना प्रश्न समजला. ते म्हणाले, ज्याला चालणार नाही त्याने दुसरी सोसायटी काढावी. एवढं बोलून ते पुढच्या घरी गेले. त्या दिवशी मी त्यांच्या ऋणात बांधली गेले, आणि पुढे जे झालं ते त्या ऋणासकट झालं, म्हणून हे आधी सांगितलं.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं फार उमेदीची होती. दोन इमारती बांधायच्या होत्या. चिठ्ठ्या टाकून घरं ठरली, आम्हाला पहिल्या इमारतीत तळमजल्यावरचं घर आलं. सुट्टीच्या दिवशी आम्ही मुलीला घेऊन प्लॉटवर जायचो. पाया खणला जात होता, खडीचे ढीग होते, आणि भाऊ धोतराचा सोगा खोचून गवंड्यांमध्ये उभे असत. बायका आपापल्या न झालेल्या घरात उभ्या राहून चूल कुठे, मोरी कुठे हे ठरवत. मी शेजारणीला म्हणाले की खिडकी पूर्वेला आहे, सकाळचं ऊन येईल. तिने मान डोलावली. मला तिचं नाव माहीत नव्हतं आणि तिने माझं आडनाव विचारलं नव्हतं.

मग सिमेंट मिळेनासं झालं. ते दिवसच तसे होते, परमिटशिवाय पोतं हलत नसे. पहिल्या इमारतीचा स्लॅब घातला गेला, भिंती उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. दुसरी इमारत जोत्यावरच राहिली. महिने गेले. नुसत्या सळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि तांबूस होत गेल्या. आम्ही प्लॉटवर जाणं कमी केलं. गेलं की जीव उलट जास्त कासावीस व्हायचा.

कायद्याने दरवर्षी सभासदांची सभा व्हायला हवी, हिशेब तपासून घ्यायला हवेत, ठराविक काळाने कमिटीची निवडणूक व्हायला हवी. अध्यक्ष म्हणून भाऊंनी पहिल्या वर्षी सभा घेतली, नंतर घेतलीच नाही. कुणी विषय काढला तर ते हसून म्हणत, सभा घेऊन विटा लागत नाहीत. आणि आम्हालाही ते पटायचं. हा माणूस पाळी संपल्यावर आपला वेळ घालवतो, स्वतःच्या खर्चाने मुंबईला खेपा घालतो, त्याला कागद कसले मागायचे? कमिटीतले बाकीचे चौघे तर त्यांनी सांगितलं तिथे सही करत. मी घरी कधी कुरकुर केली तर नवरा म्हणे, भाऊंवर विश्वास नाही का तुझा. होता ना. तरी माझ्या मनातलं काहीतरी स्वस्थ बसत नव्हतं. पैसा भाऊंच्या हातात सुरक्षित असेल, पण भाऊंना उद्या काही झालं तर तो कुठे आहे हे कुणाला ठाऊक, असं मला वाटायचं. हे मोठ्याने बोलणं अभद्र वाटे.

प्लॉटच्या मागच्या बाजूला एक मोकळी पट्टी होती. तिथे पुढे विहीर, पाण्याची टाकी आणि मुलांना खेळायला जागा व्हायची होती. तोवर ज्यांनी जमीन विकली त्या घरातली म्हातारी तिथे आपल्या म्हशी चारत असे. तिची नात माझ्या वर्गात होती, त्यामुळे आमचं बोलणं होई. एकदा मी प्लॉटवर गेले असताना ती जवळ आली.

"बाई, मागची पट्टी इकली म्हनं तुमी," ती म्हणाली. "मानसं येऊन टेप लावून गेली. गुदाम बांधायचं हाय म्हनत व्हती."

मी म्हटलं, तसं काही नाही, मला ठाऊक असतं.

"आमाला काय, आमी इकून मोकळं झालो. पर पोरान्ला पानी कुठलं पाजनार? हिरीला जागा त्येवढीच व्हती. बाकी समदा खडक हाय."

म्हशी हाकलत ती निघून गेली. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी पाळीत भाऊंना विचारलं. भाऊंनी लपवलं नाही. एका गोदामवाल्याकडून विसार घेतला होता, त्या पैशातून जास्तीच्या भावाने सिमेंट उचलून पहिली इमारत पुरी करायची होती. एक इमारत उभी राहिली की शिखर संस्था पुढचा हप्ता सोडेल, मग दुसरीही होईल, असा त्यांचा हिशेब होता. माझा नवरा हे सांगताना भाऊंच्याच आवाजात सांगत होता. शेवटी म्हणाला, "मी माझ्या खिशात घातले का, असं विचारलं त्यांनी. मी काय बोलणार?"

मी विचारलं, दुसऱ्या इमारतीतल्या लोकांना हे माहीत आहे का. तो सायकल पुसायला बाहेर गेला.

ही बातमी दाबून राहणारी नव्हती. लोकांनी सभेचा आग्रह धरला आणि अखेर एका रविवारी सकाळी प्लॉटवरच सभा झाली. रिकामी पोती अंथरून आम्ही बसलो. भाऊ उभे राहून बोलले, अडचणी सांगितल्या, मुंबईच्या खेपा सांगितल्या. ते बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटे. लोक विरघळत चालले होते. आता टाळ्या पडतील आणि आपण घरी जाऊ, असं मला दिसलं, आणि मी उभी राहिले. बायकांमध्ये मी एकटीच. मी विचारलं की मागची पट्टी विकायला सभासदांची परवानगी घेतली होती का, आणि हिशेबाची तपासणी शेवटची कधी झाली.

मागून कुणीतरी म्हणालं की ज्यांना इतरांनी दारात उभं केलं नसतं त्यांना इथे घर मिळतंय, त्यांनी तरी बोलू नये. माझा नवरा शेजारी होता, त्याची मूठ आवळलेली मला दिसली. भाऊंनी त्या माणसाला बोट दाखवून बसायला लावलं. मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही विचाराल असं वाटलं नव्हतं, वहिनी," ते म्हणाले.

माझे प्रश्न तसेच ठेवून त्यांनी सभा संपवली. भाऊंची ती चार-पाच शब्दांची तक्रार माझ्या कानात कितीतरी दिवस होती. शाळेत फळ्यावर लिहिताना मध्येच हात थांबे.

नंतरच्या आठवड्यात दुसऱ्या इमारतीतला एक फिटर आमच्याकडे आला. त्याने बायकोचे दागिने मोडून हिस्सा भरला होता आणि त्याच्या वाट्याला अजून जोतंच आलेलं होतं. पुण्याला सहकार खात्याच्या कचेरीत जाऊन तक्रार करायची होती, पण अर्जात काय लिहायचं ते त्याला सुचत नव्हतं. मी रजा टाकली आणि लोकलने त्याच्याबरोबर गेले. नवऱ्याने मला अडवलं नाही, तो बरोबरही आला नाही. स्टेशनवर सायकलने सोडलं आणि कामावर गेला.

कचेरीतल्या साहेबांनी आमचं ऐकून घेऊन एकच विचारलं. "अध्यक्षांनी पैसे खाल्लेत?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खाल्ले नसावेत. पण आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं तर कुणी सांगत नाही. साहेब म्हणाले की तक्रारीला एवढं पुरे आहे.

चौकशी झाली. ती व्हायला बरेच महिने गेले. शेवटी आदेश आला की कमिटी बरखास्त करण्यात आली आहे आणि खात्याचा एक अधिकारी प्रशासक म्हणून कारभार पाहील. ज्या दिवशी तो आदेश नोटीस बोर्डावर लागला त्या दिवसापासून कँटीनमध्ये माझ्या नवऱ्याच्या टेबलावर कुणी बसेना. ज्याच्याशी वर्षानुवर्षं डबा वाटून खाल्ला तो मित्रही दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. तुझ्या बायकोने भाऊंना घालवलं, असं माझ्या नवऱ्याला तोंडावर सांगितलं गेलं. डब्यातली भाजी तशीच घरी परत येई. मी त्याला एकदा म्हटलं की तुम्हाला माझा राग येत असेल तर बोला. तो म्हणाला, राग येत नाही, तोच तर त्रास आहे. तू चुकलीस असं वाटलं असतं तर मी त्यांच्यात जाऊन बसलो असतो.

प्रशासक म्हणजे एक बारीक अंगाचा, पन्नाशीचा माणूस. दर आठवड्याला लोकलने चिंचवडला उतरे, छत्री घेऊन प्लॉटपर्यंत चालत येई आणि पहिल्या इमारतीच्या एका खोलीत विटांवर फळी टाकून बसे. मी पहिल्या दिवशी घरून किटलीत चहा नेला तर त्यांनी नको म्हटलं. माझ्या मनात नको तेच आलं आणि तो कप मी बाहेर खडीवर ओतला. नंतर कळलं की ते कुणाच्याच घरचा चहा घेत नाहीत. डबा, पाणी, सगळं स्वतःचं आणत. ज्या घराचा कारभार तपासायचा त्या घरचं खायचं नाही, असा त्यांचा नेम होता. मला बरंही वाटलं आणि ओशाळायलाही झालं.

त्यांनी एकदा मला बोलावून चौकशीत काय निघालं ते सांगितलं. भाऊंनी एक पैसाही घरी नेलेला नव्हता. उलट स्वतःचे घातले होते. पण दुसऱ्या इमारतीच्या सभासदांचा हिस्सा त्यांनी पहिलीवर खर्च केला होता, कुणालाही न विचारता, वेळ आली की भरून काढू अशा भरवशावर. शिखर संस्थेला तपासलेले हिशेब मिळाले नाहीत म्हणून तिने हप्ता थांबवला, हप्ता थांबला म्हणून काम थांबलं, आणि काम पुढे रेटायला पट्टीचा विसार घेतला. विसाराचं सिमेंट झालं होतं आणि विक्री बेकायदा होती, म्हणजे तो व्याजासह परत करावा लागणार होता.

"चोर निघाला असता तर माझं काम सोपं होतं, बाई," ते म्हणाले. "आणि हेही ऐकून ठेवा. तुमच्या घराच्या भिंती त्या फिटरच्या पैशांच्या आहेत."

त्या खोलीतून बाहेर पडताना मी भिंतीला हात लावायचं टाळलं.

त्याच सुमारास आमच्या खोलीमालकाला जागा हवीशी झाली. या वेळी कारण काय दिलं ते आता आठवतही नाही. पावसाळा तोंडावर होता, शाळा सुरू झाली होती, खोली मिळेना. पहिल्या इमारतीत तोवर तीन कुटुंबं तशीच राहायला आली होती, दारांना गोणपाट लावून. आम्हीही ट्रंक उचलली आणि आमच्या तळमजल्यावर जाऊन राहिलो. फरशी नव्हती, वीज नव्हती, पाणी म्हातारीच्या विहिरीवरून आणायचं. पूर्वेच्या खिडकीला झडप नव्हती पण ऊन खरंच येत होतं. मुलगी त्या उजेडाच्या चौकोनात बसून अभ्यास करायची. मी पहिल्यांदा ट्रंक तळापर्यंत रिकामी केली.

प्रशासकांनी पुढच्याच खेपेला नोटीस लावली. बांधकाम पुरं झाल्याचा नगरपालिकेचा दाखला मिळेपर्यंत कुणीही राहायचं नाही. लोक राहतायत हे शिखर संस्थेच्या पाहणीत दिसलं तर हप्ता सुटणार नाही. बाकीची तिन्ही कुटुंबं भांडली, रडली आणि गेली. मी गेले नाही. मला वाटलं, माझं ते ऐकतील. मीच तर त्यांना इथे आणलं होतं.

मी जाऊन सगळं सांगितलं. खोलीचं, आडनावाचं, मुलीच्या शाळेचं. आमच्यासारख्यांना दुसरी खोली मिळायला किती वेळ लागतो तेही सांगितलं. त्यांनी ऐकलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते तोंडावर दिसत होतं.

मग म्हणाले, "तुम्हाला सूट दिली तर मी भाऊच झालो."

मला इतका संताप आला की मी काहीतरी टाकून बोलले. ते त्यांनी निमूट घेतलं आणि चार दिवसांची मुदत दिली. घरी येऊन मी भांडी ट्रंकेत फेकत होते. माझा नवरा एकेक भांडं बाहेर काढून पुसत होता, पुन्हा नीट ठेवत होता. त्या वेळी मला कायदा, सभा, तपासणी, सगळ्याचाच वीट आला होता. भाऊ अध्यक्ष असते तर त्यांनी आम्हाला राहू दिलं असतं, त्यात शंकाच नव्हती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दारात एक हातगाडी उभी राहिली. तिच्याबरोबर भाऊंची बायको होती. त्यांना मी ताई म्हणत असे, पण सभेनंतर आमचं बोलणं नव्हतं. त्या आत आल्या, ट्रंक बघितली आणि हमालाला उचलायला सांगितली. आमच्या क्वार्टरला दोन खोल्या आहेत, एक तुमची, असं म्हणाल्या. मी म्हटलं, भाऊंना विचारलंत का. त्या म्हणाल्या, "त्यांनीच गाडी ठरवली. मला तर आता येताना कळलं."

मी नाही म्हणू शकले असते का? मुलगी गाडीवर चढून बसलीसुद्धा होती.

ज्या माणसाला मी खुर्चीवरून उतरवलं त्याच्या घरात आम्ही पुढे दिवाळीपर्यंत, दुसरी खोली मिळेपर्यंत राहिलो. त्या महिन्यांइतकी अस्वस्थ मी कुठल्याच भाड्याच्या खोलीत नव्हते. भाऊ मुलीला पाढे शिकवत, तिला घेऊन बाजारात जात. ताई आणि मी एका चुलीवर स्वयंपाक करायचो, त्यांची बाजरीची भाकरी माझ्यापेक्षा पातळ व्हायची. कंपनीतले लोक संध्याकाळी भाऊंना भेटायला येत आणि मी चहा घेऊन गेले की बोलणं थांबे. एकदा एक जण कप न घेताच उठायला लागला. भाऊ त्याला म्हणाले की चहा घेऊन जायचं, घरातल्या माणसाने केलाय. तो पुन्हा बसला आणि प्याला.

ते माझ्याशी या विषयावर बोलतील याची मी रोज वाट पाहायची, आणि बोलले नाहीत की सुटल्यासारखं वाटायचं. एका दुपारी आम्ही दोघंच अंगणात होतो, ताई दळणाला गेल्या होत्या. भाऊ खुर्चीची सुटलेली पट्टी विणत होते.

"पुण्याला जायच्या आधी माझ्याकडे का आला नाहीत?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी म्हटलं, "आले असते तर तुम्ही चहा पाजून परत पाठवलं असतं. आणि मी गेले असते."

त्यांनी पट्टी ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "हो, पाठवलं असतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले की लोक विचारत नव्हते ते मला मानाचं वाटत होतं. ताई आल्या आणि आम्ही दोघंही दळणाचा डबा उतरवायला उठलो.

प्रशासकांनी आपलं काम चिकाटीने केलं. पट्टीचा व्यवहार रद्द झाला. मागचे सगळे हिशेब तपासून शिखर संस्थेकडे गेले आणि हप्ता सुटला. पहिल्या इमारतीच्या सभासदांनी दुसरीच्या वाट्याचे पैसे थोडे थोडे करून परत भरायचे, असं सभेत ठरलं. त्या सभेत फार कटू बोलणं झालं, दोन सभासद हिस्सा काढून घेऊन गावी निघून गेले. विसारावरच्या व्याजाचं नुकसान मात्र कुणी भरायचं हा प्रश्न होता. कायद्याने ते जुन्या कमिटीच्या पाचही जणांवर लागत होतं. बाकीचे चौघे म्हणत होते की आम्ही फक्त सही केली. भाऊंना वरती अपील करता आलं असतं. त्यांनी केलं नाही. सही त्यांची असेल पण सांगणारा मी होतो, असं म्हणून त्यांनी सगळं स्वतःकडे घेतलं आणि ते फेडायला पहिल्या इमारतीतलं आपलं घर सोडलं.

त्याआधी नव्या कमिटीची निवडणूक झाली होती. भाऊंना काही वर्षं उभं राहता येणार नव्हतं, पण ते सभासद म्हणून आले होते. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार होईना, कारण त्यात नुसता त्रास होता. भाऊंनी उठून माझं नाव सुचवलं. मघापर्यंत माझ्याकडे न बघणाऱ्यांनीही हात वर केले, ते भाऊंनी सांगितलं म्हणून. सवय इतक्या लवकर जात नाही. प्रशासक फळीमागे बसून ते बघत होते, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडलेली मला दिसली.

सेक्रेटरी म्हणून मला कमिटीपुढे मांडावा लागलेला पहिला विषय भाऊंच्या सभासदत्वाच्या राजीनाम्याचा होता. मी तो वाचला. फिटर आता कमिटीत होता. त्याने विचारलं की काही मार्ग काढता येणार नाही का, आपण सगळ्यांनी मिळून भरू. मी तोच निरोप घेऊन क्वार्टरवर गेले. भाऊंनी नको म्हटलं. एकदा सगळ्यांच्या पैशांतून माझी चूक भरली तर पुढच्या अध्यक्षाला ती मुभाच मिळेल, असं ते म्हणाले. मला तेव्हा वाटलं की हा हट्टच आहे, पहिल्यासारखाच, फक्त उलट दिशेने चाललेला. अजूनही कधी कधी तसंच वाटतं.

घरं झाली. आम्ही राहायला गेलो तेव्हा दुसऱ्या इमारतीचं प्लास्टर चाललं होतं. पट्टीत विहीर खणली, तिला पाणी लागलं, आणि म्हातारी ते बघायला आली. तिने वाकून पाहिलं आणि आपल्या सासऱ्याने सांगितलेली जागा हीच, असं सगळ्यांना ऐकवलं. प्रशासक कारभार आमच्या हाती देऊन गेले. शेवटच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, आता तरी चहा घ्या, आता तुमचा संबंध संपला. त्यांनी घड्याळ पाहिलं, लोकलला वेळ होता, तरी त्यांनी नमस्कार केला आणि छत्री उघडली.

भाऊ निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि ते दोघं गावी गेले. त्यानंतर एकदाच, फंडाच्या कामासाठी कंपनीत आले असताना, आमच्याकडे आले. मी तोवर अध्यक्ष झाले होते. त्यांनी चप्पल काढून सगळ्या घरातून फेरी मारली, भिंतीवर बोटाने टकटक केलं. मोरीजवळ ओल येतेय, लक्ष ठेवा, म्हणाले. त्यांचं जे घर होतं त्याच्या दारावरून आम्ही गेलो तेव्हा ते थांबले नाहीत.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "सभा होते दरवर्षी?"

मी म्हटलं, होते.

"विचारतात का लोक?"

"फार विचारतात. मागच्या वेळी एका पोरसवदा सभासदाने रंगकामाच्या खर्चावरून मला सगळ्यांसमोर उभं केलं. मला झोप लागली नाही."

ते हसले नाहीत. "राग आला?"

"आला. अजून आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग पुढच्या वेळेलाही त्याला बोलू द्या," म्हणाले आणि ताईंनी पाठवलेला शेंगदाण्याचा डबा पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. मी रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. एसटी भरून आली होती, त्यांना उभं राहायलाच जागा मिळाली.

परत येताना जिन्याशी तोच पोरगा भेटला. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला किती निविदा मागवल्या, असं त्याने विचारलं. माझ्या मनात पटकन तोडून टाकणारं उत्तर आलं होतं. मी त्याला घरात घेऊन गेले आणि निविदांची फाईल त्याच्यापुढे ठेवली.